कैसर गेला, मामलेदार राहिला

बटाटा, पाव, काडतूस हे शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले ते त्या त्या वस्तूंबरोबर आले, आणि वस्तू घरात रुळली तसा शब्दही रुळला. अधिकारपदांच्या नावांचा मार्ग याहून वेगळा असतो. ती फौजेबरोबर येतात, सनदेबरोबर येतात, कायद्याच्या पुस्तकाबरोबर येतात, किंवा शेजारच्या मोठ्या दरबाराचा मान आपल्यालाही असावा या इच्छेपोटी एखादा लहान राजा ती स्वतःहून धारण करतो. म्हणून कोणत्याही भाषेतील पदनामे तपासली असता त्या भाषेच्या लोकांवर कोणी राज्य केले, त्यांना कोणाच्या कचेरीत उभे राहावे लागले आणि कोणाचा दरारा वाटला, याचा बराच उलगडा होतो. मध्य आणि पूर्व युरोपात असा ठसा जर्मन भाषेने उमटवला आणि महाराष्ट्रात तो फारसीने उमटवला. हे दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले तर पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील साध्या कचेरीचे शब्दही नव्या अर्थाने कळू लागतात.

जर्मन बाजूचे सर्वांत ठळक उदाहरण राजा या अर्थाच्या शब्दांचे आहे. पश्चिम युरोपाचा मोठा भाग एका छत्राखाली आणणारा फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन 814 मध्ये मरण पावला. त्याचे मूळ जर्मन नाव कार्ल होते, आणि त्याच्या सत्तेच्या पूर्व सीमेवर राहणाऱ्या स्लाव्ह लोकांनी हे व्यक्तिनामच राजाचे पदनाम करून टाकले. पोलिश भाषेतील ‘क्रूल’, चेक भाषेतील ‘क्राल’, रशियनमधील ‘करोल’ हे राजावाचक शब्द त्या एका कार्लपासून निघाले आहेत, आणि स्लाव्ह भाषांमधून हाच शब्द हंगेरियन आणि तुर्की भाषांतही पोचला. एका माणसाचे नाव सीमेपलीकडच्या लोकांनी पद म्हणून स्वीकारावे, यावरून त्या माणसाचा त्यांच्यावर किती वचक होता हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्वतः जर्मन भाषेने सम्राटासाठी वापरलेला ‘कैसर’ हा शब्दही असाच एका माणसाच्या नावावरून आलेला आहे. रोमच्या ज्यूलियस सीझरचे कुलनाम जर्मन लोकांनी फार पूर्वी उचलले आणि त्याचा ‘कैसर’ झाला. त्याच नावापासून स्लाव्ह प्रदेशात ‘झार’ हा शब्द तयार झाला. ग्रीकमार्गे ते अरबी आणि फारसीत ‘कैसर’ या रूपात शिरले. ऑटोमन सुलतान दुसरा महंमद याने 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर ‘कैसर-ए-रूम’, म्हणजे रोमचा सम्राट, ही पदवी घेतली ती या फारसी वाटेने.

हिंदुस्थानात हा शब्द राजपदाच्या रूपाने आला तो 1876 मध्ये, जेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी ही पदवी देण्याचा कायदा केला. सम्राज्ञीसाठी देशी भाषांत कोणता शब्द योजावा हा प्रश्न तेव्हा निर्माण झाला, कारण ‘बादशहा’ म्हटले तर मोगलांची आठवण होई आणि ‘महाराणी’ म्हटले तर संस्थानिकांच्या राण्यांशी बरोबरी होई. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य गॉटलीब विल्हेल्म लाइटनर यांनी ‘कैसर-ए-हिंद’ हे नाव सुचवले. लाइटनर यांचा जन्म हंगेरीतील पेस्ट शहराचा, आणि जर्मन, तुर्की, अरबी अशा अनेक भाषा त्यांना अवगत होत्या. ज्या शब्दाला युरोप आणि मुसलमानी जग दोघेही सम्राट या अर्थाने ओळखतात, तो शब्द त्यांनी नेमका निवडला. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात या पदवीची घोषणा झाली. पुढे 1900 मध्ये लोकसेवेसाठी याच नावाचे पदक सुरू करण्यात आले. ते पंडिता रमाबाईंना 1919 मध्ये मिळाले, आणि गांधीजींना 1915 मध्ये मिळालेले पदक त्यांनी 1 ऑगस्ट 1920 रोजी असहकाराच्या आरंभी सरकारला परत केले.

या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण काळ पहिल्या महायुद्धाचा होता. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म हा कैसर, इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज हिंदुस्थानापुरता कैसर-ए-हिंद आणि रशियाचा दुसरा निकोलस हा झार, असे एकाच रोमन नावाचे तीन वारस एकाच युद्धात होते. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतील शिपाई फ्रान्सच्या आघाडीवर कैसर-ए-हिंदच्या नावाने कैसरच्या सैन्याशी लढत होते. त्यानंतर या पदव्या फार टिकल्या नाहीत. झार 1917 मध्ये गेला, जर्मन कैसर 1918 मध्ये गेला, आणि ब्रिटिश राजाच्या पदव्यांतून हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा उल्लेख जून 1948 मध्ये अधिकृतपणे काढून टाकण्यात आला. पोलंडच्या बाजारात आज ‘कायझेर्का’ या नावाने एक गोल पाव मिळतो आणि त्याच्या नावात कैसर शिल्लक आहे.

सम्राटांच्या पदव्या अशा वाऱ्यावर गेल्या, पण त्यांच्याहून कितीतरी खालच्या पायरीवरच्या पदांची नावे चिवटपणे टिकली, आणि या विषयातील खरी शिकवण तिथे आहे. तेराव्या शतकापासून पोलंड, बोहेमिया आणि पुढे युक्रेनच्या प्रदेशातील राजांनी नवी शहरे वसवताना जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराचा कायदा सनदेने लागू केला. क्राकूव्ह शहराला अशी सनद 1257 मध्ये मिळाली. या कायद्याने शहराला स्वतःचे न्यायासन, स्वतःची सभा आणि स्वतःचे अधिकारी मिळत, आणि कायदा जर्मन असल्याने अधिकाऱ्यांची नावेही जर्मनच राहिली. राजाच्या वतीने न्याय आणि कारभार पाहणारा ‘फोग्ट’ पोलिश भाषेत ‘वुइत’ झाला. खेड्यात देणी वसूल करणारा आणि लोकांकडून कर्तव्ये करवून घेणारा ‘शुल्टहाइस’ हा ‘सोल्तिस’ झाला. नगराध्यक्ष या अर्थाचा ‘ब्युर्गरमाइस्टर’ हा ‘बुर्मिस्त्र’ झाला. आणि सल्लागार मंडळ या अर्थाच्या ‘राट’ या शब्दापासून ‘रादा’ हा शब्द रूढ झाला. युक्रेनच्या संसदेचे ‘वेर्खोव्हना रादा’ हे नाव वर्तमानपत्रांत वारंवार येते, त्यातील ‘रादा’ हाच.

या नावांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे. पोलंडची फाळणी होऊन ते राज्य नकाशावरून नाहीसे झाले, पुन्हा उभे राहिले, जर्मनीने त्यावर अत्यंत क्रूर कब्जा केला, नंतर कम्युनिस्ट राजवट आली आणि गेली. आजच्या पोलंडच्या कायद्यात मात्र ग्रामीण भागाच्या स्थानिक संस्थेचा निवडून आलेला प्रमुख ‘वुइत’ आहे आणि खेड्याचा मुखिया ‘सोल्तिस’ आहे. जर्मन राजवटीचा कडवा अनुभव घेतलेल्या समाजानेही हे शब्द टाकले नाहीत, कारण त्यांना ते जर्मन वाटतच नव्हते. आपल्या गावचा कारभारी एवढीच त्यांची ओळख उरली होती.

सैन्यातील पदांची कथाही अशीच आहे. जर्मन ‘हाउप्टमान’, म्हणजे प्रमुख माणूस, हा शब्द पोलिश आणि युक्रेनियन भाषांत ‘हेत्मान’ बनून सेनापतीचे पद झाला. ज्या 1648 साली शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली, त्याच साली बोहदान ख्मेल्नित्स्की हा कोसॅक लोकांचा हेत्मान म्हणून पोलंडच्या राजाविरुद्ध उठला. शिवाजी महाराजांच्या सेनाप्रमुखाचे ‘सरनोबत’ हे पदही परकीच होते. फारसीत ‘सर’ म्हणजे प्रमुख आणि ‘नौबत’ म्हणजे पाळीचा पहारा. ज्या सत्तेशी लढायचे तिच्याच व्यवस्थेतील पदनाम आपल्या सेनापतीला लावायचे, ही गोष्ट दोन्हीकडे कोणाला खटकली नव्हती, कारण सेनापती म्हटला की त्या काळच्या माणसाला हेच शब्द सुचत.

मोठ्या सत्तेची पदवी लहान राजाने धारण केल्याचे उदाहरण डहाणूच्या शेजारीच, जव्हारला आहे. महादेव कोळी समाजातील जयबा मुकणे यांनी स्थापन केलेल्या या संस्थानाच्या परंपरेनुसार 1343 मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जयबांचे पुत्र नेमशाह यांना राजा म्हणून मान्यता दिली, आणि त्यानंतरच्या राजांच्या नावांना ‘शाह’ हे फारसी राजपद कायमचे जोडले गेले. विक्रमशाह, पतंगशाह, कृष्णशाह ही नावे त्या घराण्यातलीच. डोंगरातल्या कोळी राजाच्या नावात इराणच्या सम्राटाची पदवी असावी, हे प्रथम ऐकणाऱ्याला नवल वाटते. पण बोस्नियात याच्या सुमारे शंभर वर्षांनंतर हेच घडले. तेथील बलाढ्य सरदार स्त्येपान वुकचिच कोसाचा याने 1448 मध्ये ‘हेर्त्सेग’ ही पदवी धारण केली, जी ‘हेर्त्सोग’ या उच्च जर्मन सरदारकीच्या पदाचे स्थानिक रूप होती, आणि त्याचा मुलूख हेर्त्सेगोव्हिना म्हणून ओळखला जाऊ लागला. आज बोस्निया आणि हर्झेगोव्हिना या देशाच्या नावात ती पदवी आहे. या हेर्त्सेगचा एक मुलगा पुढे मुसलमान होऊन ऑटोमन साम्राज्याचा वजीर-ए-आझम झाला आणि हेर्सेकजादे अहमद पाशा या नावाने प्रसिद्धीस आला. ‘शहाजादा’ या शब्दातला जो ‘जादा’, तोच हा ‘जादे’. जर्मन पदवीला फारसी प्रत्यय लागून तुर्की दरबारात एका बोस्नियन माणसाचे नाव तयार झाले होते.

‘शाह’ या पदवीने मराठीत यापुढचा पल्लाही गाठला. निजामशाही, आदिलशाही या घराण्यांच्या नावांतून ‘शाही’ हा भाग सुटा झाला आणि राज्यपद्धती दाखवणारा प्रत्यय बनला. त्यापासून नोकरशाही आणि झोटिंगशाही हे शब्द झाले. ‘हुकूम’ या अरबी शब्दापुढे ‘शहा’ लावून मराठीने ‘हुकूमशहा’ घडवला. हिटलरने राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग 2 ऑगस्ट 1934 रोजी मरण पावताच ‘फ्यूरर आणि राइशचा चान्सलर’ हे पद घेतले, तेव्हा ‘फ्यूरर’ हा शब्द जगभरच्या भाषांनी भाषांतर न करता उचलला, पण केवळ त्या एका माणसासाठी. मराठीनेही ‘फ्यूरर’ला सामान्यनाम केले नाही, तिने त्या माणसाच्या नावालाच जुना प्रत्यय लावून ‘हिटलरशाही’ हा शब्द केला. राजसत्तेच्या याच प्रत्ययाने मराठीला ‘लोकशाही’ हा शब्दही दिला, आणि लोक या संस्कृत शब्दापुढे शहाची पदवी बसवून तयार झालेल्या या शब्दात राजपद लोकांकडे आल्याचा अर्थ आपोआप आला आहे. शेजारच्या हिंदीने ‘लोकतंत्र’ पसंत केले. मराठीचा शब्द अधिक अर्थवाही आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

‘फ्यूरर’चा आणखी एक पडसाद हिंदुस्थानी भाषांत उमटला. सुभाषचंद्र बोस 1941 मध्ये बर्लिनला पोचल्यावर तेथे स्थापन झालेल्या हिंदी सैनिकांच्या पथकात आणि त्यांच्या सहकाऱ्यांत 1942 च्या सुमारास त्यांना ‘नेताजी’ असे संबोधले जाऊ लागले. नेता या अर्थाचे पद ज्या शहरात रोज कानावर पडत होते त्या शहरात हे संबोधन जन्मले हे खरे, पण त्यात आलेला आदर आणि जिव्हाळा सर्वस्वी भारतीय होता, आणि ते आज मुख्यतः सुभाषबाबूंचे नाव म्हणूनच ओळखले जाते.

डहाणूच्या किनाऱ्यावर सत्तेने आणलेली पदनामे एकावर एक थरांनी साचली. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून 1739 पर्यंत, म्हणजे चिमाजीअप्पांच्या मोहिमेने वसई पडेपर्यंत, डहाणू, तारापूर, अशेरी हा सारा पट्टा वसईहून चालणाऱ्या पोर्तुगीज उत्तर प्रांतात होता. मराठी कागदपत्रांत वसईभोवतालच्या या मुलखाला ‘फिरंगाण’ म्हटले आहे. ‘फिरंगी’ हा शब्द फ्रँक या जर्मन वंशाच्या लोकांच्या नावापासून अरबी आणि फारसीमार्गे आला, म्हणजे शार्लमेनच्या लोकांचे नाव डहाणूच्या भूमीला लागले होते. पोर्तुगीज राजप्रतिनिधीला त्याच कागदांत ‘विजरई’ म्हटले जाई आणि किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याला ‘कप्तान’. विजरई गोव्याला राहत असे, लोकांच्या दाराशी तो कधी आला नाही, आणि सत्ता जाताच तो शब्दही इतिहासजमा झाला. कप्तान मात्र जहाजावर, पुढे क्रिकेटच्या मैदानावर, मराठीत आजही आहे.

पदनामे केवळ इच्छेने बदलत नाहीत याचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा प्रयोग शिवकालात झाला. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांना संस्कृत नावे देण्यात आली. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार हा अमात्य, सुरनीस हा सचिव, वाकनीस हा मंत्री, डबीर हा सुमंत आणि सरनोबत हा सेनापती. रघुनाथ नारायण हणमंते यांनी महाराजांच्या आज्ञेवरून ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करवून कारभारातील फारसी शब्दांना दहा वर्गांत संस्कृत पर्याय दिले. स्वतंत्र राज्याची भाषा स्वतंत्र असावी ही त्यामागची दृष्टी थोर होती, आणि तिचे फळ पूर्णपणे हाती आले नाही म्हणून तिचे मोल कमी होत नाही. पुढच्या शतकात साऱ्या हिंदुस्थानात मराठ्यांची सत्ता ज्या पदाच्या नावाने ओळखली गेली ते पद ‘पेशवा’ हेच होते, आणि लेखनिकांची व अंमलदारांची फारसी पदनामे आडनावे होऊन घराघरांत कायम झाली. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, मुजुमदार, सुभेदार, किल्लेदार ही आडनावे त्या दप्तरांची वंशावळ सांगतात. पोलंडमध्येही हेच झाले; ‘वुइत’पासून बनलेले वुइचिक हे आडनाव त्या देशात अतिशय प्रचलित आहे. तरीही शिवकालीन प्रयोगाची दोन-तीन नावे तीनशे वर्षांनी नव्याने उपयोगी पडली. मंत्रालयातील मंत्री आणि सचिव ही पदे त्याच शब्दांनी ओळखली जातात, आणि देशाच्या सरकारप्रमुखाला हिंदी भाषक ‘प्रधानमंत्री’ म्हणत असताना मराठी भाषक पेशव्यांच्या काळापासून चालत आलेला ‘पंतप्रधान’ हा शब्द वापरतात.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची स्थापना झाल्यावर राज्याच्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश तयार केला, आणि त्याच्याही आधी विनायक दामोदर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’ यांसारखे शब्द आले आणि ते टिकले. टिकण्याचे कारण उघड आहे: ही पदे नवी होती, किंवा लोकांशी त्यांचा रोजचा संबंध नव्हता, त्यामुळे जुन्या शब्दाची मुळे खोल गेलेली नव्हती. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सदस्याला सभागृहाबाहेर काढणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र आजही ‘मार्शल’च म्हणतात. हा शब्द जुन्या जर्मन भाषेत ‘मारह’ म्हणजे घोडा आणि ‘स्काल्क’ म्हणजे चाकर यांपासून झाला. राजाच्या तबेल्याचा चाकर फ्रान्समध्ये वाढत वाढत सेनेचा सर्वोच्च अधिकारी झाला, इंग्रजीमार्गे भारतात आला, सॅम माणेकशॉ 1973 मध्ये फील्ड मार्शल झाले, आणि विधानभवनात तो पुन्हा सेवकाच्या पदावर उतरला.

तलासरी आणि डहाणू हे आदिवासीबहुल तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात, आणि तेथे ग्रामसभेला 1996 च्या कायद्याने विशेष अधिकार आहेत. तेथील ग्रामपंचायतीचा प्रमुख ‘सरपंच’ असतो. त्यातील ‘सर’ हा सरनोबतातलाच फारसी ‘सर’, ‘पंच’ हा देशी; आणि त्याच्या सहकाऱ्याला ‘उपसरपंच’ म्हणताना पुढे संस्कृत उपसर्गही लागतो. तीन ठिकाणचे तुकडे एका शब्दात असूनही वारली, कोकणा किंवा कोळी गावकऱ्याला तो शब्द परका वाटत नाही. ज्या परिसरात 1945 मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लाल बावटा उभारला, तेथे सावकार आणि जमीनदार ही नावे भीतीने घेतली जात. त्या परिसरातील लोकांनी निवडलेल्या माणसाला अधिकारपद मिळाले ते सरपंच या नावाने.

महसुलाच्या पदांचे आयुष्य याहून गुंतागुंतीचे आहे. मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने रद्द झाले, तरी पोलीस पाटील 1967 च्या कायद्याने राहिला. तलाठी हे पदनाम बदलून शासनाने अलीकडे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे लांबलचक नाव दिले आहे. अरबी ‘मुआमला’, म्हणजे व्यवहार, या शब्दाला फारसी ‘दार’ लागून झालेला मामलेदार पेशवाईत महालाचा कारभार पाहत असे, इंग्रजांनी तो ठेवला, आणि 1966 च्या जमीन महसूल संहितेने त्याच्या जागी ‘तहसीलदार’ हे नाव आणले, जे अरबी-फारसीच आहे. दाराच्या फलकावर तहसीलदार कार्यालय असे लिहिलेले असले तरी डहाणूच्या मसोलीसारख्या वस्तीतील जुन्या माणसांच्या तोंडी ती मामलेदार कचेरीच असते.

या जुन्या नावाला कायद्याचाही आधार आहे. शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याने अडवली, किंवा वावरातून वाहणाऱ्या पाण्याचा प्रवाह कोणी बांध घालून वळवला, तर शेतकऱ्याला सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो, आणि त्या दाव्याच्या सुनावणीपुरता तहसीलदार ज्या कायद्याने न्यायासनावर बसतो, तो महाराष्ट्रात आजही लागू असलेला मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 हा आहे.